हवा कुठून शिरते

"बंद करा, बंद करा! परत तसंच झालं," शालनवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पदराने कपाळ टिपले.

मी कळ दाबून यंत्र थांबविले. स्वयंपाकघराच्या फरशीवर मी मांडी घालून बसलो होतो. माझ्यासमोर पावकिलो मेतकुटाची पिशवी होती. यंत्राची घरघर सुरू असताना तिचे प्लास्टिक किंचित आत ओढले गेले होते, एक सुरकुतीही पडली होती; परंतु घरघर थांबताच ती पिशवी पुन्हा सैल होऊन फुगली आणि निर्लज्जपणे माझ्याकडे पाहत बसली.

ह्या गोष्टीला आता नऊ वर्षे झाली. मी श्रीपती गुरव, मिरजेत मिक्सर, इस्त्र्या, पंखे आदी घरगुती उपकरणे दुरुस्त करतो. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. मात्र नगर वाचनालयाचा मी तीस वर्षे सभासद आहे आणि जे वाचतो ते ध्यानात ठेवतो. म्हणूनच त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी सुतारांच्या घरी मोठ्या आत्मविश्वासाने गेलो होतो. अन्नाच्या पिशवीतील हवा काढून तिचे तोंड चिकटविणारे ते यंत्र मी प्रथमच हाती घेत होतो, तरी त्याविषयी एका मासिकात वाचलेले होते.

"वहिनी, चिंता नसावी," मी म्हणालो. "ह्या यंत्राचे कार्य निर्वात पोकळी निर्माण करणे हे आहे. पोकळी निर्माण होत नाही, ह्याचा अर्थ कोठेतरी दोष आहे. तो आपण शोधून काढू."

"शोधा, पण पाचच्या आत शोधा भाऊ. पाचला गाडी येणार हाय."

पाच वाजता गोव्याकडे जाणारी गाडी शालनवहिनींच्या मुलीची, केतकीची, पत्र्याची ट्रंक नेण्यासाठी येणार होती. स्वतः केतकी दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती. ती हवामानशास्त्र शिकलेली मुलगी. पृथ्वीच्या दक्षिण टोकावरील बर्फाच्या खंडात चौदा महिने राहून तेथील वाऱ्याची, थंडीची मोजदाद करण्यासाठी तिची निवड झाली होती. घरचे खाणे नेण्यास परवानगी होती, परंतु ट्रंक एकच, ठरलेल्या मापाची, आणि तीत जे अन्न जाईल ते हवाबंदच असले पाहिजे असा नियम होता. हवा न काढलेली पिशवी गोव्यातच, मोहिमेच्या कार्यालयात, उतरवून ठेवणार होते.

फरशीवर अडतीस पिशव्या होत्या. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, भाजलेला रवा, खारकेची पूड, सांडगी मिरची. त्यांपैकी फक्त बारा पिशव्या विटेसारख्या घट्ट होत्या. उरलेल्या सव्वीस उशांसारख्या लोळत होत्या.

"बारा झाल्या त्या केव्हा?" मी विचारले.

"खंडेनवमीच्या आदल्या दिवशी," केतकी म्हणाली. ती ट्रंकेच्या कडेला कपड्यांच्या घड्या करीत बसली होती. "तेव्हा एकदम मस्त चाललं होतं काका. मग दसऱ्याच्या गडबडीत राहून गेलं. परवा संध्याकाळी परत काढलं, तर हे असं."

हे वाक्य मी ऐकले, आणि सोडून दिले. त्या वाक्यातच सर्व काही होते, हे मला चार तासांनंतर कळावयाचे होते.

बाहेरच्या खोलीतून खरवडण्याचा आवाज येत होता. तेथे केतकीचे आजोबा, तात्या, आमच्याकडे पाठ करून बसले होते. काशिनाथ सुतार हे त्यांचे नाव. तथापि मिरजेत त्यांना पेटीवाले तात्या म्हणूनच ओळखतात. वाजविण्याच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांची साठ वर्षे गेली. त्या वेळी त्यांचे वय एक्याऐंशी होते. पेटीचा जुना, फाटका भाता मांडीवर घेऊन ते त्याचे वाळलेले कातडे पातळ पात्याने सोलीत होते.

केतकीने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला व ती परत आली. घोटभर चहा झाल्यावर तात्यांचा आवाज आला:

"शालन, साखर कमी पडलीय म्हणून सांग."

"कुणाला सांगू?"

"जिनं केलाय तिला."

"ती हितंच बसलीया की तात्या, चार हातांवर. तुम्हीच सांगा."

खरवडणे पुन्हा सुरू झाले. केतकी उठली, साखरेचा डबा घेऊन गेली, चमचाभर साखर कपात घातली आणि ढवळून परत आली.

शालनवहिनी माझ्या कानाशी वाकल्या. "बारा दिवस झाले. तिनं जायचं म्हणून सांगितलं तवापास्नं बोलत न्हाईत तिच्याशी. 'हवा मोजायला एवढ्या लांब कशाला, हितं काय हवा न्हाई?' एवढंच म्हणाले, आणि तोंड मिटलं ते मिटलंच. उद्या पहाटे ती उंबरा ओलांडणार बघा भाऊ, आणि ह्यांचं अजून हे असं."

मला त्याचे कारण ठाऊक होते. तात्यांचा मुलगा, म्हणजे केतकीचे वडील, ती पाच वर्षांची असताना लाकूडकामासाठी आखाती देशात गेले आणि दीड वर्षाने तिकडेच आजाराने वारले. त्यांची माती तिकडेच झाली. त्यानंतर तात्यांनी ह्या नातीला मांडीवर घेऊन वाढविले, हे साऱ्या गल्लीने पाहिले होते.

मी पुनश्च कामाकडे वळलो. प्रथम पिशवीचे तोंड तपासले. तेथे मेतकुटाची पूड लागलेली असल्यास ते चिकटत नाही. कोरड्या फडक्याने ते पुसून घेतले. फरक पडला नाही. मग रिकामी, कोरी पिशवी लावून पाहिली. तीही तशीच. तोंड चिकटविणारी तार तापत होती, तिच्यावरील पट्टी शाबूत होती, चिकटलेली रेघ अखंड होती. झाकण नीट बसत नसावे अशा शंकेने मी डावीकडून आणि केतकीने उजवीकडून भार देऊन ते दाबून धरले. पिशवी किंचित अधिक आवळली आणि पुन्हा ढिली पडली.

झाकणाखाली दोन्ही बाजूंना स्पंजासारखी काळी मऊ पट्टी असते. हवा बाहेरून शिरू नये म्हणून. मी तिच्यावरून बोट फिरविले. कोठे चिरलेली नाही, कोठे दबलेली नाही. "पट्टी निर्दोष आहे," असे मी जाहीर केले.

यंत्र तापले होते. त्याला विसावा द्यावयाचा म्हणून आम्ही थांबलो. तेवढ्या अवकाशात वहिनींचे ज्ञान वाढवावे ह्या हेतूने मी सांगू लागलो की, हे यंत्र पिशवीतील हवा ओढून घेते आणि त्या ओढीमुळे पिशवी आवळली जाते.

"आवळते ती ओढीनं नाही काका," केतकी हळूच म्हणाली. "आतली हवा गेली की बाहेरची हवा पिशवीला दाबते. हवेला वजन असतं ना."

"हवेस वजन असते हे मी वाचले आहे," मी म्हणालो. "परंतु ते किती असणार?"

"हात पुढं करा."

मी हात पुढे केला. तिने माझा तळवा आभाळाकडे वळविला.

"एवढ्या तळहातावर आत्ता ह्या क्षणाला जवळजवळ एक क्विंटल हवा बसलीय. इथून वर, आभाळाच्या टोकापर्यंतची."

"शंभर किलो?" वहिनी म्हणाल्या. "जा गं! हात मोडंल की भाऊंचा."

"खालून आणि आतूनही तेवढीच ढकलते ना आई. म्हणून कळत नाही."

मी माझ्या तळहाताकडे पाहिले. ह्याच हाताने सत्तावीस वर्षे मी पाने-पकडी धरल्या. त्यावर एवढा भार आहे, आणि तो कोणीतरी आतून सदैव तोलून धरीत आहे, ह्याची मला गंधवार्ताही नव्हती. बाहेरच्या खोलीतील खरवडणे थांबले होते, हेही मला त्याच वेळी जाणवले. तात्यांची पाठ तशीच होती, फक्त मान थोडी कलली होती.

यंत्र निवाले. मी पुन्हा लाविले. पुन्हा तेच.

दोन वाजले. आता मात्र माझा धीर सुटू लागला. ज्यांनी मोठ्या विश्वासाने बोलाविले त्यांच्या घरातून मान खाली घालून जाण्याचा प्रसंग येणार, असे दिसू लागले. मनुष्य अशा वेळी अधिक विचार करीत नाही, अधिक जोर करतो. मी यंत्र पालथे केले आणि तळाचे आठ स्क्रू काढले.

"पंप गेला असणार," मी म्हणालो. "मूळ दोष हा नेहमी अंतर्भागात असतो."

"व्हय की न्हाई कुणास ठाऊक. तुम्ही म्हणताय तर खोला," वहिनी म्हणाल्या.

पंपाची नळी मी सोडविली, यंत्र सुरू केले आणि पंपाच्या तोंडावर बोट ठेवले. सत्य सांगावयाचे तर बोट असे खेचले गेले की ते सोडविण्यास जोर लावावा लागला. पंपात कसलाही दोष नव्हता. माझ्या बोटाने मला स्पष्ट सांगितले, आणि मी बोटाचे ऐकले नाही. पुढे काय करावे हे न सुचल्यामुळे मी पंपाच्याच पोटाचे चार बारीक स्क्रू ढिले करू लागलो. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यावर पेचकस ठेवला, तोच बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"गुरवा, थांब."

तात्या दारात उभे होते. एका हाताने चौकट धरली होती, दुसऱ्या हातात कातडे सोलण्याचे पाते तसेच होते.

"ते मिटव," ते म्हणाले. "त्याच्यात काय न्हाई."

"तात्या, मी सर्व तपासण्या क्रमाने केल्या आहेत. आता केवळ पंपच—"

"मिटव म्हणतो न्हवं. आणि आधी होतं तसं बसीव."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. मी काढलेले दोन्ही स्क्रू बसविले, नळी जोडली, तळ बंद केला. तात्या भिंतीचा आधार घेत खाली बसले आणि त्यांनी यंत्र स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतले. दोन्ही हात त्याच्यावर ठेवले, जसे वादक पेटीवर ठेवतो तसे.

"शालन, पंखा बंद कर. ग्यास बंद कर."

पंखा थांबला. कुकरची शिट्टी थंडावली.

तात्या कान टवकारून क्षणभर बसले. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "केतकी, ते घड्याळ उतर आणि परसात नेऊन ठेव. लई टकटक करतंय."

केतकी जागच्या जागी थांबली. शालनवहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि चटकन नजर खाली केली. बारा दिवसांनंतर तात्यांनी तिचे नाव उच्चारले होते, आणि स्वतः तात्यांच्या ते ध्यानातही आले नव्हते, कारण त्यांचे सारे चित्त कानात गोळा झाले होते. केतकीने स्टुलावर चढून घड्याळ उतरविले, पदरात बाळ घ्यावे तसे ओढणीत गुंडाळले आणि परसात ठेवून पाय न वाजविता परतली.

"लाव," तात्या मला म्हणाले.

मी रिकामी पिशवी लावून कळ दाबली. यंत्र घरघरू लागले. तात्या हळूहळू वाकले. गालावरून त्यांनी जिभेने ओले केलेले बोट फिरविले आणि तो ओला गाल झाकणाच्या फटीजवळ, न टेकविता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊ लागले. डोळे मिटलेले. चेहऱ्यावरची एकही रेषा हलत नव्हती. मला त्या घरघरीपलीकडे काहीही ऐकू येत नव्हते. परंतु तात्या त्या घरघरीच्या आत कोठेतरी शिरले होते आणि तेथे दिवा घेऊन फिरत होते, असे मला वाटले.

"बंद," ते म्हणाले. "आमचं उलटं असतं. भाता फाटला तर हवा गालावर येती. ही आत जातीया. गालावरनं सरकून जातीया." मग थोडे थांबून: "उदबत्ती आण गं."

केतकीने देवघरातील जळती उदबत्ती आणली. तात्यांनी ती चिमटीत धरली.

"कुणी श्वास सोडू नका."

मी पुन्हा कळ दाबली. आम्ही तिघे गुडघ्यांवर वाकून बसलो होतो. वारा नव्हता, म्हणून उदबत्तीचा धूर सरळ सुतासारखा वर जात होता. तात्यांनी ती फटीच्या उजव्या टोकापासून सरकवीत नेली. धूर सरळ. मध्यावर आली. धूर सरळच. डाव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर आली, आणि तो उभा धूर वाकला. जणू कोणी त्याला हाक मारली. तो खाली झुकला, लांब झाला, दोऱ्याएवढा बारीक झाला आणि झाकणाखालच्या काळ्या पट्टीकडे ओढला जाऊन तेथे नाहीसा झाला. सुईत दोरा ओवावा तसा.

मी आयुष्यात पुष्कळ यंत्रे पाहिली आहेत. परंतु हवेला चालताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

"हितं," तात्या म्हणाले, आणि नखाने तेथे खूण केली. "आता उचल ती पट्टी. वरनं काय बघत होतास मघाशी? खाली बघ."

मी झाकण उघडले आणि खुणेच्या जागी काळी पट्टी तिच्या खोबणीतून अलगद उचलली. खाली खोबणीत तांदळाचा अर्धा दाणा होता. कुंकवाने माखलेला, लालभडक. त्या अर्ध्या दाण्याने पट्टी केसभर उचलून धरली होती आणि त्या केसभर जागेतून आभाळाच्या टोकापर्यंतची सारी हवा आत शिरत होती.

खंडेनवमीला घरातील हत्यारे-अवजारे पाटावर मांडून त्यांची पूजा करतात. माझ्या दुकानातील पेचकस आणि तारांना डाख देण्याची सळई ह्यांचीही मी त्याच दिवशी हळदकुंकू वाहून पूजा केली होती. सुतारांच्या घरी ही पूजा कोण करतो, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती.

"मी झाकण उघडून अक्षता वाहिल्या," तात्या म्हणाले. "पेटीच्या आत वाहतो तशा."

"आणि मी दुसऱ्या दिवशी पट्टी काढून धुतली की," वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "कुंकू लागलं होतं म्हणून. पुसलं, वाळवलं, परत बसवली. त्याच्या खाली दाणा ऱ्हायलाय हे कुठलं कळायला!"

केतकी त्या दाण्याकडे पाहत होती. "आजोबा, तुम्ही ह्या मशीनची पूजा केली?"

"अवजार हाय ते."

"मला वाटलं, तुम्हाला ह्याचा राग आलाय."

"अवजारावर कसला राग," तात्या म्हणाले. त्यांनी दाणा माझ्या चिमटीतून घेतला, स्वतःच्या तळहातावर ठेवला, क्षणभर पाहिला आणि त्याच्यावर फुंकर मारली. दाणा खिडकीतून परसात गेला.

मी पट्टी बसविली. केतकीने मेतकुटाची पिशवी लावली. ह्या खेपेस घरघरीचा आवाज मध्येच बदलला; तो खोल गेला, दबला, आणि पिशवीने कोणी मूठ आवळावी तसे स्वतःला आवळून घेतले. मेतकुटाचा कणन् कण प्लास्टिकवर उमटला. चिकटविणारी तार तापली, टिक्‌ असा आवाज झाला. केतकीने पिशवी उचलून फरशीवर आपटली. ठक्क. वीटच.

"आई गं!" वहिनी म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून हसू लागल्या. हसताहसता त्यांचे डोळे भरले.

त्यानंतर आम्ही चौघांनी उरलेल्या पंचवीस पिशव्या केल्या. मी लावीत होतो, केतकी कळ दाबीत होती, वहिनी तोंडे पुसून देत होत्या. तात्या भिंतीला टेकून प्रत्येक पिशवी हाती घेत, कानाशी नेत, अंगठ्याने दाबीत आणि "गप हाय," असे म्हणून बाजूस ठेवीत. एकच पिशवी त्यांनी परत केली. "ही कुजबुजतीया," ते म्हणाले. मला ती इतरांसारखीच दिसत होती. अर्ध्या तासाने पाहिले तर खरोखरच ती कोपऱ्यात सैल पडली होती. सांडगी मिरचीच्या देठाने प्लास्टिकला टोचून भोक पाडले होते. ती दुसऱ्या पिशवीत भरली.

सव्वाचार वाजता शेवटची पिशवी झाली. तेव्हा तात्या उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि मुठीत काहीतरी घेऊन आले. मूठ उघडली. पितळेचा, बोटभर लांबीचा, मध्ये पातळ जीभ असलेला पेटीचा एक सूर होता.

"हे बी घाल एका पिशवीत," ते केतकीला म्हणाले. "तुझ्या बापाच्या पेटीतला हाय. काळी दोन. तिथं पोचल्यावर पिशवी फोड आणि ओठांत धरून फुंक. वाजंल."

केतकीने तो सूर घेतला. तिने तात्यांच्या पायांना हात लावला आणि ती तशीच, डोके त्यांच्या गुडघ्याला टेकवून, बराच वेळ बसून राहिली. तात्यांचा हात प्रथम हवेत अधांतरी राहिला. मग तो तिच्या केसांवर उतरला.

"ऊठ. गाडी यायची वेळ झाली," ते म्हणाले. "आणि लक्षात ठेव, चहात साखर घालत जा."

त्या सुराची पिशवी सर्वांत लहान झाली. प्लास्टिक पितळेला इतके बिलगले की त्याच्या जिभेची कड बाहेरून दिसत होती. पाच वाजता गाडी आली आणि ट्रंक गेली.

मी माझी थैली आवरून निघालो. तात्या मला फाटकापर्यंत सोडावयास आले. मी म्हणालो, "तात्या, आज मी थक्क झालो. एवढ्या घरघरीत ती एवढीशी फट आपण ऐकली!"

"आज न्हाई ऐकली," तात्या म्हणाले.

मला अर्थबोध झाला नाही.

"परवा संध्याकाळी पोरीनं मशीन लावलं, तवाच ऐकली. पाठमोरा बसलो होतो. डाव्या अंगाला, कोपऱ्याजवळ. पहिल्याच झटक्याला कळलं."

"आणि आपण बोलला नाहीत?"

"न्हाई बोललो." त्यांनी फाटकाची कडी काढली. "दोन दिवस ऐकत बसलो. आत ती हैराण, शालन हैराण. आणि मी कातडं सोलतोय. वाटलं, न्हाई झाल्या पिशव्या तर न्हाई झाल्या. एखाद्या वेळी तिलाच वाटंल, नको जायला."

रस्त्यावरून एक सायकल गेली. तात्यांनी माझ्यासाठी फाटक उघडून धरले.

"मग आज का उठलात?" मी विचारले.

"तू त्या पंपाचे स्क्रू काढायला लागलास म्हणून," ते म्हणाले. "ज्याच्यात खोट न्हाई ते खोलून बसलास तू. साठ वर्षं काम केलं मी गुरवा, पण चांगला सूर कधी खोलला न्हाई. मला बघवंना. ओरडणार होतो तुला. आणि तोंडापर्यंत आलं तवा वाटलं, आपण तरी बारा दिवस पोरीशी दुसरं काय करतोय?"

एवढे बोलून त्यांनी कडी लावली आणि ते आत गेले. मी कितीतरी वेळ फाटकाबाहेर उभा होतो. ज्या कानाने माझी मती गुंग केली होती, तो कान आता मला लहान वाटू लागला. एक्याऐंशी वर्षांचा एक मनुष्य सारे ऐकूनही दोन दिवस बसून राहिला होता आणि अखेरीस चौकट धरून उठला होता. ते उठणे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि पाहताना मला वाटले होते की, हे यंत्रासाठी आहे.

तेव्हापासून माझ्या दुकानात कोणतेही उपकरण आले की मी प्रथम पंखा बंद करतो, आणि ते शेवटचे नीट केव्हा चालले होते व त्यानंतर घरात काय घडले, हे विचारतो. पेचकस त्यानंतर हाती घेतो.

केतकी चौदा महिन्यांनी सुखरूप परतली. एके दिवशी आईचा मिक्सर घेऊन ती दुकानात आली, तेव्हा मी त्या सुराविषयी विचारले.

"पोचल्यावर नाही फोडली ती पिशवी," ती म्हणाली. "जपून ठेवली. मध्ये दोन महिने तिथं सूर्य उगवत नाही काका. बाहेर नुसता काळोख आणि वारा. मग एक दिवस दुपारी क्षितिजावर नुसती कड दिसली, तांबडी, इतकुशी, आणि लगेच गेली. सगळे नाचत होते. मी आत येऊन पिशवी फोडली आणि घरी फोन लावला. आजोबांना म्हटलं, ऐका. आणि सूर ओठांत धरून फुंकला."

"मग? काय म्हणाले तात्या?"

"काहीच नाही. मला वाटलं, फोन तुटला. आजोबा, आजोबा करत राहिले." ती हसली, आणि तिने डोळ्यांच्या कडा पुसल्या. "मग हळूच म्हणाले, 'सूर जरासा चढलाय गं. लई थंडी हाय का तिथं?'"